उभं राहण्याची प्रॅक्टिस

“वाक,” निंभोरकर सर म्हणाले.

मी वाकले.

“आणखी वाक. गुडघे दुमड. कोपरं आत घे. हां, आता हलू नको.”

वर्गाच्या दारात, हातात केरसुणी बॅटसारखी धरून, मी तशीच अवघडून राहिले. सर दोन पावलं मागे गेले, एक डोळा मिटला आणि मला न्याहाळलं. बाजारात बकरी घेणारा माणूस असं पाहतो. मग जवळ येऊन त्यांनी हाताची वीत माझ्या काखेपासून गुडघ्यापर्यंत हवेतच धरून पाहिली.

“दीड वीतसुद्धा नाही!” ते आनंदाने ओरडले. “चित्रा भुयार, तू टीममध्ये.”

“पण सर, मले खेळता येत नाई.”

“कोण म्हणतं खेळ म्हणून? तू फक्त उभी राहा.”

अशी माझी शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये निवड झाली. मी नववीत होते आणि प्रार्थनेच्या रांगेत अजून सातवीच्या मुलींच्याही पुढे उभी राहायचे. आमचं गाव वरुडकडचं, संत्र्यांच्या बागांचं. शाळा मुलींची. खेळाचे जुने सर निवृत्त झाले तेव्हा तो तास कुणाला द्यायचा हा प्रश्न मोठ्या बाईंनी एका दिवसात सोडवला. निंभोरकर सर इतिहास शिकवायचे, पण अख्ख्या शिक्षकवर्गात पांढरे बूट फक्त त्यांच्याकडे होते.

सर तालुक्याला जाऊन एक सामना बघून आले, आणि तेवढ्यावर त्यांनी सॉफ्टबॉलची पद्धत शोधून काढली. ‘पद्धत’ हा त्यांचाच शब्द. तो उच्चारताना ते छातीवर हात ठेवत.

पद्धत अशी होती. पिचरने फेकलेला बॉल बॅटरच्या काखेच्या खाली, गुडघ्याच्या वर आणि जमिनीवरच्या पांढऱ्या होम प्लेटच्या वरून जायला हवा. तसा गेला आणि बॅटरने सोडला, किंवा बॅट फिरवून हुकवला, तर स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की आउट. पण बॉल इकडेतिकडे गेला आणि बॅटरने सोडून दिला, तर तो पिचरचा दोष. असे चार झाले की बॅटरने चालत पुढच्या कोपऱ्यावरच्या पहिल्या बेसवर जायचं. फुकट. बेस आधीच भरलेले असले तर पुढच्या मुली एकेक घर सरकतात आणि तिसऱ्या बेसवरची घरी, म्हणजे होम प्लेटवर परत येते. रन.

“आता मला सांगा,” सर फळ्यापाशी उभे राहून म्हणाले, “या गावोगावच्या पोट्ट्यांना बॉल सरळ फेकता येतो का?”

“नाही सर,” आम्ही म्हणालो.

“मग मारता कशाला?”

एकटी निम्मी भोंडे मागच्या बाकावरून म्हणाली, “मजा येते म्हणून.”

निम्मीचे वडील संत्र्यांचे मोठे व्यापारी. टीमचा सगळा पैका त्यांचा, बॅटा त्यांच्या, टोप्यासुद्धा त्यांच्या. म्हणून निम्मीला काढता येत नव्हतं. नाहीतर सरांनी तिला पहिल्या दिवशीच घरी पाठवलं असतं. अंगाने थोराड, तोंडाने फटकळ, आणि अमरावतीच्या मावसभावांबरोबर सुट्टीत खेळून खेळून मारायला शिकलेली. आमच्यात बॅट फिरवता येणारी ती एकटीच. तिला सरांनी शेवटच्या नंबरावर ठेवलं आणि तिच्यामागे पुन्हा पहिली म्हणून मला. म्हणजे निम्मीने काही बिघडवलंच तर मी निस्तरायचं.

रोज चार वाजता प्रॅक्टिस व्हायची. बॉलने नाही, बॉल खराब होतात. आम्ही भिंतीकडे तोंड करून, बॅट खांद्यावर घेऊन, वाकून उभ्या राहायचो. सर शिट्टी वाजवायचे. शिट्टी म्हणजे बॉल आला असं समजायचं आणि हलायचं नाही. जी हलेल तिला मैदानाला फेरी. शाळेचे शिपाई, बाहेरचे रिक्षावाले, समोरच्या पिठाच्या गिरणीतल्या बाया, सगळे हा तमाशा बघून जायचे. गिरणीतली एक बाई तर रोज विचारायची, “काय व पोरींनो, काय गुन्हा केला?”

आणि पद्धत चालली! हेच तर वाईट झालं. तालुक्याला आम्ही जिंकलो. जिल्ह्याला जिंकलो. पिचर बिचाऱ्या फेकायच्या, बॉल कधी डोक्यावरून, कधी ढेकळांत, आणि आम्ही एकामागून एक देवळाला प्रदक्षिणा घालाव्यात तशा बेसवरून चालत फिरायचो. माझी उंची म्हणजे तर सरांचं ब्रह्मास्त्र. काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या त्या दीड वितीच्या खिडकीतून बॉल नेणं मोठ्या माणसालाही जमलं नसतं. मी एकदाही बॅट न फिरवता टीमची सगळ्यात भारी बॅटर ठरले. स्थानिक पेपरात फोटो आला. खाली छापलं होतं, ‘तडाखेबंद चित्रा’.

विभागाच्या अंतिम सामन्यात समोरची पिचर रडली. बारीक, सावळी पोरगी होती. बेस भरलेले, समोर मी बेडकासारखी बसलेली, आणि तिचा एकही बॉल खिडकीत जाईना. चौथा बॉल टाकल्यावर तिने हातमोजा तोंडावर धरला आणि मैदानाच्या मधोमध हुंदके देऊन रडायला लागली. मी चालत पहिल्या बेसवर गेले. आमच्या बाकावर टाळ्या पडल्या.

“बघितलं?” सर म्हणाले. “याला म्हणतात पद्धत.”

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना कचोरी खाऊ घातली. निम्मीने आपली खाल्ली नाही. नळावर हात धुताना ती मला म्हणाली, “तुले लाज नाई वाटत?”

“जिंकलो ना आपण.”

“आपण कुठं जिंकलो? ती हरली. तुले एक सांगू का? बॉल सोडाचा असला तरी आधी माराले निघाव लागते. निघाली, पाहिला, नाई आवडला, थांबली. असं असते ते. तू तं थांबूनच बसली. मंग मारशीन कधी?”

“सर म्हणतात…”

“सरले काय समजते?”

मला तिचा राग आला. श्रीमंतांच्या पोरींना माज असतो, असं मी आईला सांगितलं. आईनेही मान डोलावली.

राज्याची स्पर्धा परभणीला होती. पहिलाच सामना कोल्हापूरकडच्या एका शाळेशी पडला. त्यांची पिचर उंच, किडकिडीत, चष्म्याला मागून इलॅस्टिक बांधलेली. सरांनी तिला पाहिलं आणि हसले. “चष्मा! पोरींनो, आज जेवणाच्या आत मोकळ्या होऊ आपण.”

ते मात्र खरं झालं.

मी पहिली बॅटर. वाकले, गुडघे दुमडले, कोपरं आत घेतली. चष्मेवालीने माझ्याकडे पाहिलं, हात गर्रकन पूर्ण फिरवला, आणि माझ्या पोटासमोरून काहीतरी सूं करत गेलं. मागे कॅचरच्या हातमोज्यात फाडकन आवाज झाला.

“स्ट्राइक,” मागून अंपायरबाई म्हणाल्या.

मी सरांकडे पाहिलं. सरांनी टोपीला हात लावला. टोपीला हात म्हणजे सोड. त्यांच्याकडे दुसरी खूणच नव्हती.

दुसराही तसाच गेला आणि तिसराही. मी आउट होऊन परत आले तेव्हा माझ्या बॅटला वारासुद्धा लागला नव्हता. माझ्यानंतरच्या दोघी तशाच गेल्या आणि तशाच आल्या.

“धीर धरा,” सर म्हणाले. “थकेल ती.”

ती थकेना. डावामागून डाव आम्ही जात होतो, उभ्या राहत होतो, परत येत होतो. प्रेक्षकांतली पोरं आधी हसली, मग ओरडायला लागली, मग कंटाळून गप्प झाली. तिसऱ्या डावात निम्मीने एक जोरात मारला, पण तो सरळ एकीच्या हातात गेला. तरी सरांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. एकदा अंपायरबाईंनी प्लेट झाडता झाडता मलाच विचारलं, “बाळा, बॅट नुसती आणलीस की वापरणार पण आहेस?” मी लाजून हसले. दुसरं काय करणार?

एक गोष्ट मात्र होती. आमची पिचर मंदा त्या दिवशी जीव तोडून फेकत होती. तिच्यामुळे समोरच्यांनाही एकच रन करता आला होता. शेवटचा डाव आमचा होता आणि आम्ही फक्त एका रनने मागे होतो. पहिल्या दोघी शिरस्त्याप्रमाणे उभ्या राहून आउट झाल्या. आता निम्मी.

सरांनी टोपीला हात लावला. निम्मीने तो नीट पाहिला, मान हलवून ‘समजलं’ असं दाखवलं, आणि पहिलाच बॉल असा हाणला की त्याचा टणत्कार त्या गप्प मैदानावर घुमला. बॉल दोन मुलींच्या मधून कुंपणापर्यंत गेला. निम्मी पहिला बेस, दुसरा बेस ओलांडून तिसऱ्यावर धापा टाकत पोचली. आम्ही सगळ्या बाकावर चढून किंचाळत होतो. कुणाच्या हातात न गेलेला तो त्या स्पर्धेतला आमचा पहिला फटका.

“कुणी सांगितलं होतं हिला?” सर त्या गोंगाटात ओरडत होते. “कुणी सांगितलं होतं?”

मी बॅट घेऊन निघाले तेव्हा त्यांनी वेळ मागून घेतला आणि माझ्यापर्यंत चालत आले. माझा खांदा धरला.

“तू नको अक्कल चालवू. त्यांची पिचर आता घाबरली आहे. आता पडतील चार बॉल. वाक आणि उभी राहा. बॅट हलली तर गावात तोंड दाखवू नको.”

मी वाकले. पहिला बॉल त्या दीड वितीच्या खिडकीतून बरोबर आत गेला. दुसरा जरा बाहेर गेला. तिसरा पुन्हा आत. दोन स्ट्राइक झाले. मी सरांकडे पाहिलं, टोपीला हात. मी तिसऱ्या बेसकडे पाहिलं. निम्मी तिथून, पंचवीस मैलांवरून ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “चित्रे! निघ व! माराले निघ!”

कशी कोण जाणे, पण मी निघाले. चष्मेवालीचा हात फिरला आणि त्याबरोबर मीही पहिल्यांदाच सरळ झाले, खांद्यावरून बॅट उचलली. आता हे सांगायलाच हवं की तो बॉल वाईट होता. घाईत सुटला होता. प्लेटच्या पुढ्यातच आपटला, धूळ उडाली. निम्मी असती तर थांबली असती. पण थांबायचं कसं हे निघालेल्यालाच कळतं, आणि मी तर आयुष्यात पहिल्यांदा निघाले होते. मी डोळे मिटून बॅट फिरवली. हवेत. बॉलचा आणि तिचा संबंध आला नाही.

“स्ट्राइक तीन!”

मी डोळे उघडले, तर सगळीकडे धावपळ. बॉल कॅचरच्या नडगीला लागून मागच्या जाळीकडे उडाला होता आणि ती त्याच्यामागे पळत होती. निम्मी तिसऱ्या बेसवरून सुटली, माझ्या शेजारून धाडकन प्लेटवर पाय देऊन गेली आणि वळून माझ्याच अंगावर ओरडली, “पळ! पहिल्या बेसवर पळ!” समोरच्या टीमची शिक्षिका दोन्ही हात हलवून आपल्या मुलींना सांगत होती, “फर्स्टला फेका! फर्स्टला!” मला काही उमजेना. तीन स्ट्राइक झाले, मी आउट. मग पळायचं कशाला?

तेवढ्यात सरांचा आवाज आला. खणखणीत, वर्गात हजेरी घेतात तसा.

“चित्रा! आउट झालीस तू! परत ये! आधी परत ये!”

मी वळले आणि बाकाकडे चालायला लागले. मागे कॅचरला बॉल सापडला. तिने तो पहिल्या बेसवर फेकला. अंपायरबाईंनी मूठ वर केली, मग निम्मीकडे बघून हात आडवे हलवले. रन धरला नाही. सामना संपला.

सर माझी वाटच बघत होते. “पाहिलंस? बॅट फिरवायची हौस! काय सांगितलं होतं मी? काय सांगितलं होतं?”

मी रडत होते. बाकीच्या पोरी माझ्याकडे बघत नव्हत्या. निम्मी मातीने माखलेली, हात कमरेवर ठेवून उभी होती. तेवढ्यात अंपायरबाई तोंडावरची जाळी काढून, घाम पुसत आमच्या बाकापाशी आल्या.

“सर, पोरीला परत का बोलावलंत?”

सर हसले. “आउट झाली ना मॅडम.”

“कुठं झाली? तिसरा स्ट्राइक कॅचरने झेलला नव्हता. दोन आधीच आउट होत्या. अशा वेळी बॅटरने पळायचं असतं. ती पहिल्या बेसवर पोचली असती तर तुमचा रन झाला असता, बरोबरी झाली असती. मला आधी वाटलं, तुम्ही पळ म्हणून ओरडताय.”

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, पण त्याच्यामागे कोणी नव्हतं.

“हो, हो,” ते म्हणाले. “नियम माहीत आहे मॅडम. शंभर वेळा सांगितलाय पोरींना. ऐन वेळी घाबरतात, गावाकडच्या आहेत.”

“कधी सांगितला?” निम्मीने विचारलं.

“निर्मला, तोंड आवर.”

“नाई, कधी सांगितला तेवढं सांगा. भिंतीकडे तोंड करून उभं होतो तेव्हा?”

अंपायरबाईंनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि निघून गेल्या. माझं रडं थांबलं. मी डोळे पुसले आणि सरांकडे नीट पाहिलं. वर्षभर मी त्यांच्या टोपीकडे पाहिलं होतं. टोपीखालच्या माणसाकडे पहिल्यांदाच पाहत होते. त्याला मारायला शिकवता येत नव्हतं. म्हणून त्याने न मारण्याची पद्धत काढली होती. एवढंच होतं ते सगळं.

परतीच्या गाडीत सर खिडकीशी बसून झोपले, किंवा झोपल्यासारखं केलं. सोमवारी प्रार्थनेनंतर त्यांनी माईकवरून शाळेला सांगितलं, “राज्यस्तरापर्यंत पद्धतीने नेलं. दोन मुलींच्या बेशिस्तीने घात केला.” टाळ्या झाल्या. मोठ्या बाईंनी त्यांना शाल दिली.

चार वाजता आम्ही मैदानावर जमलो. सरांनी शिट्टी तोंडात धरली आणि भिंतीकडे बोट दाखवलं. कोणीच हललं नाही.

“सर,” मी म्हणाले, “आज बॉल टाका.”

“कशाला?”

“माराले.”

“तुला मारता येतं?”

“नाई येत.”

“मग?”

“तुम्हाले टाकता येते का?”

हे माझ्या तोंडून कसं गेलं, देव जाणे. पण गेलं. पोरी फिदीफिदी हसल्या. गिरणीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. आता माघार घेणं सरांना शक्य नव्हतं. त्यांनी बॉल मागवला, बाह्या वर केल्या. निम्मी कॅचर म्हणून माझ्यामागे बसली. मी बॅट उचलली. वाकले नाही. ताठ उभी राहिले, म्हणजे सरांना पुरेशी मोठी खिडकी मिळावी.

पहिला बॉल माझ्या डोक्यावरून भिंतीला लागला. मी मारायला निघाले आणि थांबले. दुसरा घरंगळत आला. निघाले, थांबले. तिसरा टाकताना सरांची टोपी पडली, आणि बॉल कुठं गेला ते आधी कळलंच नाही. मग गिरणीतून एक बाई तो घेऊन आली. चौथ्याला त्यांनी खूप वेळ घेतला, डोळा मिटून नेम धरला, आणि बॉल माझ्या पाठीमागून गेला.

“बॉल चार,” निम्मी मागून, अगदी अंपायरबाईंच्या आवाजात म्हणाली.

मी बॅट खाली ठेवली आणि चालत पहिल्या बेसवर गेले. सर बराच वेळ टोपी झटकत राहिले. मग म्हणाले, “मला आज मीटिंग आहे.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी कामाच्या ताणाचं कारण देऊन टीम सोडली. त्या वर्षी त्यांना जिल्ह्याचा मार्गदर्शकाचा पुरस्कारही मिळाला. मिळतोच. आम्हाला कोणी नवे सर मिळाले नाहीत. नावापुरत्या शिवणाच्या बाई यायच्या आणि झाडाखाली स्वेटर विणत बसायच्या. निम्मीच शिकवायची, शिव्या घालून. मंदा फेकायची, आम्ही मारायचो. निम्म्या वेळा हवेत.

दहावीत तालुक्याच्या पहिल्याच सामन्यात आम्ही अकरा विरुद्ध चार असे हरलो. सर मोठ्या बाईंना घेऊन बघायला आले होते, मैदानाभोवतीच्या दोरीच्या अगदी जवळ उभे होते. शेवटच्या डावात मी एक बॉल मारला, तो बेसवरच्या मुलीच्या पायांतून निसटला, आणि मी घसरत दुसऱ्या बेसवर जाऊन पडले. उठून गुडघ्याची माती झटकली तर हाताला रक्त लागलं. दोरीपलीकडून सरांचा आवाज अगदी स्पष्ट ऐकू आला.

“बघा बाई,” ते म्हणत होते, “पद्धत सोडली की पोरींचं हे असं होतं.”

बाईंनी दुःखाने मान हलवली. मी दुसऱ्या बेसवर उभी होते, आणि तिथवर मी पळत आले होते.